घरी बसून भुताटकी: भाच्याला घाबरवायचं आहे, काय लावू?

गॅलरीतला

मंडळी, घरगुती अडचण आहे, मदत करा.

ताईचा मुलगा सोळा वर्षांचा. दिवाळीच्या सुट्टीत ताई आणि तो आमच्याकडे चार दिवस येतायत. मे महिन्यात आला होता तेव्हा मी मोठ्या तयारीने त्याला 'द एक्झॉर्सिस्ट' दाखवला. पडदे ओढले, दिवे घालवले, मोबाईल बाजूला ठेवायला लावला. पलंगावरची ती मुलगी मान गर्रकन मागे फिरवते त्या जागी हा पठ्ठ्या म्हणतो, "मामा, डमी आहे ना ती?" पुढचा अर्धा तास तो चिवडा खात होता आणि मी एकटाच घाबरत होतो. १९७३ साली याच सिनेमाला अमेरिकेत लोक चक्कर येऊन पडले, अर्ध्यातून उठून गेले. आमच्याकडे फक्त चिवडा संपला.

आता माझी गोष्ट. साल १९९३. गिरगावातली चाळ, दुसरा मजला. मजल्यावर केबल एकाच बिऱ्हाडात आली होती आणि झी टीव्ही नवीन होतं. 'झी हॉरर शो' असला की त्यांच्या दारात चपलांचा ढीग. आत वीस-बावीस माणसं, पोरं पुढे, बायका मोरीपाशी, पुरुष उंबऱ्यात उभे. ते शीर्षकसंगीत सुरू झालं की कुणीतरी हमखास दिवा घालवायचं आणि कुणाची तरी आई तो लगेच लावायची.

भाग संपला की खरा खेळ. संडास गॅलरीच्या टोकाला. मध्ये चौदा खोल्यांची दारं, शेवटचा बल्ब वर्षातले दहा महिने गेलेला. टीव्हीवरचं एकही भूत आज मला धड आठवत नाही, ती चाळीस पावलं मात्र पाठ आहेत. सोबतीला ताई. ती तीन वर्षांनी मोठी आणि भुतालाच "काय रे, काय पाहिजे?" विचारेल अशी. मी आत, ती बाहेर उभी राहून मोठमोठ्याने गाणी म्हणायची, अगदी ठणठणीत. मी आतून दर अर्ध्या मिनिटाला "आहेस ना गं?"

आज माझ्याकडे पंचावन्न इंची टीव्ही आहे, खाली साउंडबार आहे, संडास दोन आणि दोन्ही घरातच, दिवा मोबाईलवरून लागतो. या घरात माणसाने घाबरावं कसं?

सुचवा काहीतरी. अटी दोनच. रक्त-आतडी-करवत नको, कारण आई शेजारी बसणार (वय ७२, तिला सगळं चालतं, तिच्यासमोर मला चालत नाही). आणि जुनं असेल तर उत्तम.

निशाचर_४२०

वायफायचा पासवर्ड बदला. किंचाळेल.

आगाऊ_कार्टं

+१. सोबत क्लासच्या फीची पावती दाखवा, म्हणजे ताईही किंचाळतील.

झुंबर

रामसे लावा, दुसरं काही शोधू नका. आणि लावायच्या आधी भाच्याला रामसेंचीच गोष्ट सांगा, ती त्यांच्या कुठल्याही सिनेमाहून भारी आहे.

मूळ आडनाव रामसिंघानी. कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीत मुंबईला आले, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान टाकलं. वडलांना सिनेमाचा नाद. १९७० साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला. त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतो असा एक प्रसंग आहे. सिनेमा पडला. पण थिएटरात बसलेल्या मुलांच्या लक्षात आलं की तेवढ्या प्रसंगाला पब्लिक खडबडून जागं होतं. म्हटले, मग तेवढंच करू की! सात भाऊ, कामं वाटून घेतलेली: पटकथा कुमारची, कॅमेरा गंगूचा, ध्वनी किरणचा, दिग्दर्शन तुलसी आणि श्याम. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' करायला सगळं घरदार महाबळेश्वरला जाऊन राहिलं. सहलीला जावं तसं जायचं आणि येताना सिनेमा घेऊन यायचं.

'पुराना मंदिर' १९८४ चा. त्यातला सैतान सामरी म्हणजे अनिरुद्ध अगरवाल, रुरकीला शिकलेला इंजिनिअर. एवढी उंची आणि तो चेहरा, मेकअपवाल्याला निम्मी सुट्टी. आणि मुरुडला गेलात तर नवाबाचा राजवाडा रस्त्यावरूनच नीट बघा, रामसेंच्या सिनेमांतून बघितलेला आहे तो तुम्ही.

आम्ही 'पुराना मंदिर' पाहिला तो वाडीत, गणपतीच्या जागरणाला, भाड्याच्या व्हीसीआरवर. घरटी वर्गणी काढून रात्रीत तीन कॅसेटी. पहिली देवाची, दुसरी मारामारीची, तिसरी ही. तिसरी लागेपर्यंत निम्मी पोरं सतरंजीवरच झोपलेली असायची. उरलेली निम्मी पुढे आठवडाभर झोपायची नाहीत. तुमचा 'झी हॉरर शो'सुद्धा रामसेंचाच, हे वेगळं सांगायला नको.

सुरपेटी

झुंबरशेठ, रामसेंबद्दल आदर आहेच, पण सामरी या भाच्यासमोर दोन मिनिटं टिकायचा नाही. ज्याला एक्झॉर्सिस्टमधली डमी ओळखता येते त्याला रबरी मुखवटा दाखवून काय होणार? जे दिसतं ते हल्लीची मुलं थांबवून, मोठं करून बघतात. आवाज थांबवून बघता येत नाही. या मुलाला कानातून पकडा.

एक्झॉर्सिस्टचंच घ्या. त्याला ऑस्कर दोन मिळाली, एक पटकथेला आणि दुसरं ध्वनीला. मेकअपला नाही! त्या मुलीच्या तोंडून येणारा सैतानाचा आवाज मर्सिडीज मॅककेंब्रिज या जुन्याजाणत्या रेडिओ-नटीचा. तुम्ही टीव्हीच्या पोटातल्या स्पीकरवर पाहिला असेल, तर निम्मा सिनेमा पाहिलाच नाही.

आणखी मागे जा. १९४२ चा 'कॅट पीपल'. एक बाई रात्री सुनसान रस्त्याने चाललीय. पावलांचा आवाज. तिचे आणि मागून आणखी कुणाचे तरी. मग फक्त तिचे. ती वळून बघते, काही नाही. चाल वाढवते. आणि एकदम फिस्सकन जनावर फिस्कारल्यासारखा आवाज, तुम्ही उडता, आणि कळतं की ती बस येऊन थांबलीय, तिच्या ब्रेकची हवा. ऐंशी वर्षं झाली, आजचा प्रत्येक दचकवणारा सिनेमा त्याच बसमधून प्रवास करतोय. निर्माता व्हॅल ल्यूटन. हातात पैसे नाहीत, म्हणून भूत दाखवायचं नाही, ऐकवायचं, हा त्याचा खाक्या. त्याच्या हाताखाली तयार झालेला रॉबर्ट वाइज. या वाइजने 'वेस्ट साइड स्टोरी' आणि 'साउंड ऑफ म्युझिक' या दोन गोड संगीतिकांच्या मधल्या फटीत १९६३ साली 'द हाँटिंग' केला. कृष्णधवल. भूत एकदाही दिसत नाही. दोन बायका पलंगावर एकमेकींना धरून बसल्यात आणि बाहेरच्या बोळातून काहीतरी भिंतीवर, दारांवर धडका देत जवळ येतंय. बास. भाच्याला हा लावा.

आणि आपल्याकडचं हवं असेल तर 'महल', १९४९. 'आयेगा आनेवाला'च्या सुरुवातीच्या ओळी लताबाईंनी माइकपासून लांब उभं राहून, हळूहळू चालत पुढे येत गायल्या होत्या. साउंडबार असेल तर डोळे मिटून ऐका. बाई खरंच खोलीच्या त्या टोकाकडून येते.

झुंबर

सुरपेटीताई, महलला घाबरलेला एक तरी माणूस दाखवा. मधुबाला झोपाळ्यावर बसून गातेय, भूत असली तरी चालेल अशी. घाबरायचं की लग्नाची बोलणी करायची?

सुरपेटी

अशोककुमारनेही तेच केलं आणि त्याचं काय झालं ते सिनेमाभर दिसतंय. :)

आगाऊ_कार्टं

तात्या विंचूचं नाव अजून कसं कुणी घेतलं नाही? १९९३ म्हणजे 'झपाटलेला'चंही साल. सगळं जग ज्याला विनोदी सिनेमा म्हणून हसतं, त्याने माझं बालपण नासवलं. बाहुला पाध्यांचा, आवाज प्रभावळकरांचा, आणि आमच्या काचेच्या कपाटात आत्याने आणलेला एक बाहुला. मी तो रात्री उलटा करून ठेवायचो. आई सकाळी सरळ करायची. कोण सरळ करतं ते मला दोन वर्षं माहीत नव्हतं.

कंदील

आगाऊ, दंडवत घ्या. _/\_

आमच्याकडे 'आहट' लागायचं तेव्हा बाबा माझ्या डोळ्यांवर हात ठेवायचे. त्यांच्या बोटांच्या फटीतून मी १९९५ ते ९८ अशी सगळी वर्षं पाहिलीत. मोठेपणी यूट्यूबवर तेच भाग मिळाले. बोटं नसल्यामुळे काहीच नाही वाटलं.

वायरमन

सिनेमा कुठलाही लावा, आधी टीव्ही दुरुस्त करा. मी याच धंद्यात आहे म्हणून सांगतो, दहातल्या आठ घरांत भुताचा जीव टीव्हीच घेतो.

पहिलं म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, पिक्चरच्या सेटिंगमध्ये खोल कुठेतरी सापडते. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने बनवून भरतो आणि मग ड्रॅक्युलाचा किल्ला सासू-सुनेच्या मालिकेचा सेट दिसायला लागतो. भाच्याला डमी ओळखू आली त्यात याचा हात असणार.

दुसरं, जुने सिनेमे जवळपास चौकोनी असतात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात ते येऊ द्या. पडदा भरावा म्हणून ताणू नका. ताणलेली मधुबाला मी गिऱ्हाइकांच्या घरी पाहिली आहे, त्याहून भयानक काही पाहिलं नाही.

तिसरं, अंधार. साध्या एलसीडीत मागे दिवा असतो, त्यामुळे काळा रंग राखाडी दिसतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः विझतो. तो नसेल तर टीव्हीच्या मागे भिंतीकडे तोंड करून एक मंद दिवा ठेवा. खोली पूर्ण काळी केली की राखाडी जास्तच डोळ्यांवर येतो. म्हणजे तुमच्या चाळीतल्या त्या आईचं बरोबर होतं.

आणि रात्रीचा आवाज. कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवायचा आणि किंकाळीला खालच्या मजल्यावरचे काका वर येतात, हे सगळ्यांचं होतं. साउंडबारला 'नाइट मोड' असतो, तो दोन्हींतलं अंतर कमी करतो. पण या एका रात्रीपुरता तो लावू नका. काकांना आधी सांगून ठेवा.

गॅलरीतला

वायरमन, सेटिंग सापडलं! पाच वर्षं मी 'शोले' मालिकेसारखा बघत होतो. खालच्या काकांना विचारलं, ते म्हणाले कुठला सिनेमा आहे ते सांगा, मीच वर येतो.

माडाचीमुळां

मी सिंधुदुर्गातला, म्हणून जरा वेगळं.

२०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा आमच्याकडे आधी ओरड झाली, कोकणची बदनामी, भुताखेतांचा मुलूख म्हणून दाखवतात. वाडा आकेरीचा, सावंतवाडीपासून जवळ. आणि ओरडणारेच रात्री साडेदहाला टीव्हीसमोर! पुढे २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं, अण्णा नाईक आणि शेवंता, तेव्हा तर लोक गाड्या करून वाडा बघायला यायला लागले. माझ्या आजीनेही बघितली. पण तिची तक्रार बदनामीची नव्हती. ती म्हणायची, "ह्येंका भूत कळलांच नाय."

तिचं म्हणणं असं की गावात जे असतं त्याला नाव असतं, जागा असते आणि नियम असतात. मुंजा पिंपळावर. चकवा माळावर, तो मारत नाही, फक्त वाट चुकवतो. देवचार तर राखणदार, त्याचं वेळच्या वेळी दिलं की तो तुमचीच राखण करतो. आरवलीचा वेतोबा बघा. इतरांना वेताळ म्हटलं की 'विक्रम और बेताल' आठवतो, खांद्यावर लोंबणारा. आम्ही त्याला केळ्यांचे घड देतो आणि हे भले मोठे चामड्याचे चपलांचे जोड वाहतो, कारण देव रात्री गाव राखायला फिरतो आणि चपला झिजतात. ज्याच्या चपला झिजलेल्या आपण बघितल्या त्याला भियाचां कित्याक?

त्यामुळे टीव्हीवर पांढरी साडी नि मोकळे केस दिसले की आजी विचारायची, "ही कोण? खंयची?" कुणाला सांगता यायचं नाही. मग ती जपमाळ घेऊन आत. मला वाटतं भाच्याचंही तेच असावं. त्याला एकाही भुताचा पत्ता माहीत नाही.

सुरपेटी

मुळां, काय प्रतिसाद आहे! वाचनखूण साठवली.

'तुंबाड' मला म्हणूनच टिकाऊ वाटतो. हस्तर कोण, त्याला काय हवं, त्याला कशाला हात लावायचा नाही, सगळं आधी सांगून टाकलंय. नियम माहीत असलेला माणूस हाव सुटून तो मोडणार हे दिसत असतं आणि आपण नुसते बघत राहतो. आणि तो पाऊस! २०१८ साली आला तेव्हा थिएटरात फार कुणी गेलं नाही. लोकांनी घरी पाहिला, एकमेकांना सांगितला, इतका की २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात लावावा लागला. घरच्या प्रेक्षकाने थिएटरला परत पाठवलेला सिनेमा. नारायण धारपांची 'आजी' ही गोष्ट दिग्दर्शक राही बर्वेंना लहानपणी मित्राने ऐकवली होती, तिथून ते सुरू झालं. जाता जाता, धारपांची ती गोष्टही स्टीफन किंगवरून आलेली. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी पुण्यामार्गे तुंबाडला पोचली.

झुंबर

किंगचा विषय निघालाच आहे तर १९९८ ची 'वो' आठवते का कुणाला? झीवरच होती. लिलिपुट जोकर झाला होता आणि पोरांमधला मोठा झालेला एक नायक म्हणजे आशुतोष गोवारीकर, 'लगान'च्या आधीचा. 'इट'ची आपली आवृत्ती. त्या जोकरानंतर मी सर्कशीला गेलो नाही. सुरपेटीताई, हा दिसणारा होता बरं का, ऐकू येणारा नाही.

सुरपेटी

एक गुण तुम्हाला.

थेम्सकाठी

इथल्या घरगुती भुताची गोष्ट सांगते. ३१ ऑक्टोबर १९९२, हॅलोविनची रात्र. बीबीसीवर 'घोस्टवॉच' लागला. मायकेल पार्किन्सन स्टुडिओत, म्हणजे घराघरात ओळखीचा, विश्वासातला मुलाखतकार. निवेदिका सेरा ग्रीन लंडनच्या एका साध्या घरात, जिथे आई आणि दोन मुली राहतात आणि नळांमधून आवाज येतात. थेट प्रक्षेपण असल्यासारखं सगळं. खाली फोन नंबर, काही दिसलं तर कळवा. खरं तर ते सगळं आधीच चित्रित केलेलं नाटक होतं. नंबर मात्र बीबीसीचा खरा होता. फोन लागला तर 'हे काल्पनिक आहे' असा संदेश ऐकू यायचा, पण इतक्या लोकांनी फोन केले की लाइनच लागेना. आणि लाइन लागत नाही म्हटल्यावर लोकांची खात्रीच पटली.

मी इथे नंतर आले. ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं, त्या तेव्हा दहा वर्षांच्या होत्या आणि आजही पार्किन्सनचा चेहरा दिसला की त्यांचं पोट खाली जातं. बीबीसीने तो इथल्या टीव्हीवर पुन्हा कधीच दाखवला नाही. मी डीव्हीडीवर पाहिला. भूत पडद्यापाशी, काचेत, गर्दीत असं ओझरतं पेरून ठेवलंय. थांबवून बघणाऱ्या भाच्यासाठी हाच योग्य, कारण तो जितका थांबवेल तितकं त्याला जास्त दिसेल.

घाबरण्यापेक्षा मला त्याचं वेगळंच वाटलं. तो घरच्या टीव्हीसाठीच केलेला आहे. दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला दुसऱ्याचा दिवाणखाना दाखवायचा. थिएटरात तो चाललाच नसता.

मूकपट

थेम्सकाठी, याच जातीतला जपानी 'रिंगू', १९९८. भूत टीव्हीतून बाहेर येतं. तेही आपण टीव्हीवर बघत असताना! नटीला उलटं चालायला लावून फिल्म उलटी फिरवली, म्हणून तिची चाल माणसाची असूनही माणसाची वाटत नाही. भाड्याच्या कॅसेटवर बघितलेल्यांची काय अवस्था झाली असेल, कारण कथेत शापही कॅसेटलाच आहे.

माझी शिफारस मात्र 'नोस्फेराटू', १९२२. ड्रॅक्युलाच्या लेखकाच्या विधवेने हक्कांसाठी दावा लावला, कोर्टाने सगळ्या प्रती जाळायला सांगितल्या, तरी काही वाचल्या. स्वतः मरायला तयार नसलेला सिनेमा. फुकट कुठेही मिळतो, पण पाहताना रंग दिलेली प्रत शोधा. तेव्हा रात्रीचे प्रसंग उन्हातच चित्रित करून फिल्म निळी रंगवायचे. साध्या कृष्णधवल प्रतीत तो निळा रंग उडालेला असतो, मग काउंट भर दुपारी शवपेटी काखोटीला मारून गावातून हिंडताना दिसतो आणि लोक हसतात. पुढे उन्हानेच मरायचं असलेला माणूस!

नवी_खोली

इथे पहिल्यांदाच लिहितेय. मी भाच्याच्या वयापासून फार लांब नाही, त्याची बाजू घेते.

तुम्ही सगळे चाळीत, वाडीत, बाबांच्या बोटांतून घाबरलात. आमच्यापैकी बरेच जण एकटे बघतो. हॉस्टेलवर मी 'लपाछपी' रात्री दोन वाजता पांघरुणात, मोबाईलवर, हेडफोन लावून पाहिला. चौफेर ऊस, आत एकच घर, गरोदर बाई आणि लहान मुलांचे आवाज. हेडफोनमध्ये ते आवाज डोक्याच्या आतून येतात. रूममेट गावाला गेली होती. तिच्या रिकाम्या कॉटकडे पाठ करता येईना आणि तोंडही करता येईना. त्याच दिग्दर्शकाने पुढे हिंदीत 'छोरी' केला, तो मी दिवसा चारचौघींबरोबर पाहिला, ठीक वाटला.

मामा, आजी, आई आणि खालचे काका बाजूला बसून "घाबरला का, घाबरला का" बघत असताना कुठलाही सोळा वर्षांचा मुलगा घाबरणार नाही. घाबरला तरी दाखवणार नाही. त्याला हेडफोन द्या आणि खोलीत एकटं सोडा.

निशाचर_४२०

लहान पडदा ही खरी गोष्ट. हिचकॉकने 'सायको'ला सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा थिएटरांना नियमच घातला होता. आमच्या घरी तो बघताना न्हाणीघरातला प्रसंग आला, आणि बेल वाजली. इस्त्रीवाला. बायकोने सिनेमा नेमका सुऱ्यावर थांबवून अकरा कपडे मोजून घेतले. पंचेचाळीस सेकंदांच्या प्रसंगासाठी आठवडाभर चित्रीकरण केलं होतं म्हणे बिचाऱ्याने.

झुंबर

अकरा कपडे! :D

बरं, गॅलरीतले, दिवाळी होऊन गेली. काय झालं ते सांगा, नाहीतर तुम्हालाच मुंजा म्हणून जाहीर करतो.

गॅलरीतला

सांगतो. उशीर झाला, क्षमस्व.

शनिवारी रात्री 'द हाँटिंग' लावला. वायरमनच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं, टीव्हीमागे मंद दिवा वगैरे. खालचे काका चकल्या घेऊन आले. पहिला अर्धा तास इंग्रज लोक (की अमेरिकन, काका विचारत होते) नुसते बोलतात. आई झोपली. धडकांचा प्रसंग आला तेव्हा मी भाच्याकडे चोरून पाहिलं. बघत होता. मोबाईल हातात होता पण बघत होता. संपल्यावर म्हणाला, "साउंड डिझाइन मस्त आहे." म्हणजे सुरपेटीताई, तुमचा विजय, पण घाबरवण्याचा नव्हे.

मग काकांनी विषय काढला, तुमच्या वेळी काय होतं रे? मी उत्साहाने यूट्यूबवर 'झी हॉरर शो' शोधला. चित्र पार धुपलेलं, भाचा बघण्याआधीच हसायला तयार. शीर्षकसंगीत सुरू झालं.

ताई स्वयंपाकघरात उद्याचं वाटण करत होती. ती बाहेर आली, हात तसेच ओले, आणि म्हणाली, "बंद कर ते."

मला वाटलं आई झोपलीय म्हणून. मी आवाज कमी केला. ती म्हणाली, "आवाज नाही, बंद कर." मिश्कीलपणे वगैरे नाही. चेहरा उतरलेला. मी बंद केला. ती आत गेली आणि तिने स्वयंपाकघराचा, पॅसेजचा आणि बाल्कनीचा असे तिन्ही दिवे लावले.

भाचा एकदम गप्प. त्याने आईला असं कधी पाहिलंच नव्हतं. ती शाळेत मुख्याध्यापिका आहे, मोर्चात पुढे उभी राहणारी बाई. चकली हातात धरून तो माझ्याकडे बघत होता. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "मामा, काय होतं त्यात?" मी म्हटलं, काही नाही रे, रबराचं भूत. तो हसला नाही. रात्री त्याने गादी आतल्या खोलीतून उचलून हॉलमध्ये माझ्या शेजारी आणली, पंख्याचं कारण सांगून. आत एसी आहे.

कंदील

बापरे. अंगावर काटा आला. ताईंनी कुठला भाग पाहिला होता तो? विचारा ना.

झुंबर

हो, भाग सांगा, शोधून काढतो. पंकज धीरचा 'दस्तक' असेल तर माझ्याकडे आहे.

गॅलरीतला

काल फोनवर विचारलं. म्हणाली, भाग-बिग काही आठवत नाही. म्हटलं मग एवढी का घाबरलीस, तू तर कधीच घाबरायची नाहीस, गॅलरीत उभी राहून गाणी म्हणायचीस.

म्हणाली, "गाणी काय तुझ्यासाठी म्हणत होते का? तू आत कडी लावून बसायचास. बाहेर त्या बल्बखाली एकटी मी असायचे."